जेबेल अली फ्री झोनमध्ये कंपनी काढायची: एलएलपीच्या नावाने की स्वतःच्या? आणि ‘शून्य टॅक्स’ खरंच शून्य असतो का?

पंपव्हॉल्व्ह_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आहे, तीन भागीदार. सेंट्रिफ्यूगल पंप आणि कास्ट आयर्नचे व्हॉल्व्ह बनवतो. माल न्हावाशेवाहून केनिया, टांझानिया आणि ओमानला जातो. तिकडचे व्यापारी आता पूर्ण कंटेनर घ्यायला तयार नाहीत. ५० पंप, १०० व्हॉल्व्ह अशी मागणी असते आणि तीही आठ-दहा दिवसांत हवी असते. म्हणून दुबईत साठा ठेवून तिथून पाठवायचा विचार आहे.

एका एजंटाचं कोटेशन आलंय: १०० टक्के परदेशी मालकी, शून्य टॅक्स, ऑफिसची गरज नाही, एका आठवड्यात लायसन्स. झोन मात्र जेबेल अली नाही, दुसराच आहे. प्रश्न असे:

१. कुठलाही फ्री झोन चालतो की जेबेल अलीच हवा?
२. कंपनी एलएलपीच्या नावाने काढावी की आम्हा तिघांच्या वैयक्तिक नावांवर? एजंट म्हणतो वैयक्तिक सोपं पडतं.
३. दुबई शहरातल्या दुकानदारांना माल विकता येईल का?
४. टॅक्स खरंच शून्य का?
५. भारतातून पैसे कसे पाठवायचे? एजंट म्हणतो भांडवल ‘कागदावरच’ दाखवायचं असतं.

---

जेबेलअलीवाला

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो. टॅक्स आणि फेमा (परकीय चलनाचा कायदा) जाणकारांवर सोडतो.

‘फ्री झोन’ या एका नावाखाली दोन वेगळ्या जाती आहेत. एक, कुंपण आणि कस्टम्सचं गेट असलेले: जेबेल अली (१९८५ पासून), दुबई एअरपोर्ट फ्री झोन, शारजातले हमरिया आणि सैफ झोन. तिथे माल ड्यूटी न भरता उतरवता, ठेवता आणि परत बाहेर पाठवता येतो. दोन, नुसते लायसन्स देणारे: एखाद्या टॉवरमधलं डेस्क आणि लायसन्सचा कागद. सल्लागार, सॉफ्टवेअरवाले यांना दुसरी जात उत्तम. तुमच्या एजंटाने दिलंय ते दुसऱ्या जातीतलं. त्यात पंप ठेवायला जागाच नाही.

ओळखायचं कसं? व्हॅटच्या कायद्याखाली यूएईच्या मंत्रिमंडळाने ‘डेझिग्नेटेड झोन’ची यादी काढली आहे (२०१७ चा निर्णय क्र. ५९, नंतर भर पडत गेली). जेबेल अली त्यात आहे, डीएमसीसी (दुबईतलाच दुसरा फ्री झोन) नाही. एजंटाला एकच प्रश्न ईमेलवर विचारा: ‘हा झोन या यादीत आहे का, आणि तिथे कुंपणाच्या आत गोदाम मिळतं का?’ उत्तर गोलगोल आलं की समजून जा.

दुबईतल्या दुकानदारांना विकण्याबद्दल. फ्री झोनमधून शहरात माल नेणं म्हणजे यूएईत आयात करणं. सीआयएफ किमतीवर (माल, विमा आणि वाहतूक धरून) साधारण ५ टक्के कस्टम्स ड्यूटी, मग किंमत अधिक ड्यूटी यावर ५ टक्के व्हॅट. २,००,००० दिरहमचा माल असेल तर ड्यूटी १०,००० आणि व्हॅट २,१०,००० वर १०,५००. नेहमीच्या पद्धतीत आयातदार म्हणून दुकानदाराचा कस्टम्स कोड वापरतात. तो व्हॅटला नोंदलेला असेल आणि त्याचा नंबर कस्टम्स कोडशी जोडलेला असेल तर व्हॅट रोख भरावा लागत नाही, रिटर्नमध्येच जमा-नावे होतो. ड्यूटी मात्र रोख.

इथे एक पोटमुद्दा. भारत-यूएई सेपा (व्यापार) करार १ मे २०२२ पासून लागू आहे. पात्र मालाला मूळ देशाच्या दाखल्यावर ड्यूटीची सवलत मिळते. मात्र माल आधी फ्री झोनमध्ये उतरवून तुकड्यातुकड्याने विकायला लागलात की दाखला, इन्व्हॉइस आणि नग यांचा मेळ बसवताना क्लिअरिंगवाल्याच्या नाकी नऊ येतात. यूएईतला मोठा ग्राहक असेल तर त्याच्या ऑर्डरचा माल कोल्हापुरातूनच थेट त्याच्या नावाने पाठवा. जेबेल अलीचा साठा आफ्रिका-ओमानसाठी ठेवा.

प्रक्रिया अशी चालते. आधी झोनच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज आणि व्यवसायाचा प्रकार. ‘जनरल ट्रेडिंग’ घेऊ नका. ते महागही पडतं आणि बँकेला संशयास्पदही वाटतं. पंप, व्हॉल्व्ह आणि सुटे भाग यांचा व्यापार अशा नेमक्या प्रकाराची नोंद घ्या. मोटार जोडून पंप विकणार असाल तर इलेक्ट्रिक मोटारीचा प्रकार वेगळा लागतो का ते त्याच वेळी विचारा, कारण लायसन्सवर नसलेला माल नंतर कस्टम्समध्ये अडतो. आणि पंप व मोटार तिथे आणून जोडणी करणार असाल तर ते ट्रेडिंग नाही, इंडस्ट्रियल लायसन्स. त्याच्या परवानग्या वेगळ्या.

मग नावाचं आरक्षण, प्राथमिक मंजुरी, जागेचा भाडेकरार, मेमोरँडम (कंपनीचं घटनापत्र), फी आणि शेवटी लायसन्स. एकच भागधारक असेल तर एफझेडई, एकापेक्षा जास्त असतील तर एफझेडसीओ. त्यानंतर एस्टॅब्लिशमेंट कार्ड (त्याशिवाय व्हिसा नाही) आणि दुबई कस्टम्सचा कोड (त्याशिवाय माल हलत नाही). कागद पूर्ण असतील तर लायसन्सला दोन-तीन आठवडे धरा. ‘एक आठवडा’ हा कागद आधीच साक्षांकित होऊन टेबलावर आल्यानंतरचा असतो.

व्हिसाची संख्या जागेवर ठरते, साधारण ९ चौरस मीटरला एक हा ढोबळ हिशेब. फ्लेक्सी डेस्कवर (सामायिक ऑफिसातल्या टेबलावर) गोदामवाला, हिशेबनीस आणि तुम्ही तिघे असे पाच व्हिसा मिळतील ही आशा धरू नका.

---

शिपिंगबिल

वरचं सगळं बरोबर. पण एक पायरी आधीचा प्रश्न विचारतो: कंपनी लागतेच का?

जेबेल अलीच्या आत थर्ड पार्टी गोदामवाले आहेत. तुमचा माल त्यांच्या कोडवर उतरतो, मालकी तुमच्या एलएलपीचीच राहते. पॅलेटमागे भाडं, आत-बाहेर हाताळणीचे पैसे, आणि ते नग मोजून कंटेनरमध्ये भरून मोंबासा किंवा दार-ए-सलामला पाठवतात. ना लायसन्स, ना ऑडिट, ना व्हिसा. परदेशात गोदाम भाड्याने घेऊन तिथून विकायला फेमाखाली बँकेची परवानगी लागते, ती एडी बँक (परकीय चलनाचे व्यवहार करायला अधिकृत असलेली बँक) देऊ शकते. वर्षभर असं चालवून बघा. महिन्याला तीन-चार कंटेनर फिरायला लागले की कंपनीचा खर्च अंगावर घ्या.

हाताळणीत काय बिघडतं ते सांगतो, कारण पंपवाल्यांचं नेमकं इथेच होतं. न्हावाशेवाहून आलेल्या पॅकिंग लिस्टवर ‘१२ पॅलेट, मिक्स’ असं लिहिलेलं असतं. एकरकमी निर्यातीला ते खपतं. फ्री झोनमध्ये माल नगानुसार आत नोंदवला जातो आणि नगानुसारच बाहेर पडतो. ८० मिमीचा गेट व्हॉल्व्ह २०० नग, एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गाचा नंबर), एका नगाचं वजन, एका नगाची किंमत, मूळ देश, अशी ओळ-ओळ यादी नसेल तर चौथ्या डिस्पॅचला साठ्याचा हिशेब जुळत नाही. कस्टम्सच्या नोंदीत आहे पण गोदामात नाही अशा मालाला ‘शहरात गेला’ असं धरून ड्यूटी आणि दंड लागू शकतो. पॅलेटवर मॉडेल नंबराचं लेबल बाहेरून दिसेल असं लावा, श्रिंक रॅपच्या आत नको.

केनियासाठी पीव्हीओसी, म्हणजे माल निघण्यापूर्वीचं तपासणी प्रमाणपत्र, लागतं. टांझानियाचीही तशीच व्यवस्था आहे. साठा दुबईत असला की तपासणी कुठे करायची, कारखान्यात की जेबेल अलीत, हे तपासणी संस्थेशी आधी ठरवा. कंटेनर मोंबासाला पोहोचल्यावर हा प्रश्न उपस्थित झाला तर डेमरेज (कंटेनर अडकल्याचा आकार) पंपाच्या नफ्यापेक्षा जास्त होतं.

---

रुपयादिरहम

दुसरा आणि पाचवा प्रश्न. आधी पाचवा, कारण तो धोक्याचा आहे.

‘भांडवल कागदावरच’ हे दुबईच्या बाजूने चालत असेलही, भारताच्या बाजूने नाही. मेमोरँडममध्ये तुम्ही १,००,००० दिरहमचे शेअर घेतले असं लिहिलं, की तुम्ही परदेशी कंपनीचे शेअर मिळवलेत. तो पैसा बँकेतून, ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांप्रमाणे (२२ ऑगस्ट २०२२ पासूनचे) गेला पाहिजे. शेअर सर्टिफिकेट हातात आहे आणि रेमिटन्सच नाही, किंवा लायसन्सची फी दुबईतल्या मेव्हण्याच्या कार्डावरून भरली आहे, हे प्रकार दोन वर्षांनी पहिला नफा भारतात आणायच्या वेळी उघडे पडतात. बँक विचारते, युआयएन नंबर (परदेशी गुंतवणुकीला रिझर्व्ह बँकेकडून मिळणारा क्रमांक) कुठे? तो नसतोच.

आता नाव कोणाचं. माझं मत स्पष्ट आहे: धंदा एलएलपीत आहे तर गुंतवणूकही एलएलपीतूनच करा. कारणं मोजून घ्या.

वैयक्तिक नावाने गेलात तर प्रत्येकाला एलआरएसची (व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेची) आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो आयकर). तो परत मिळतो पण वर्षभर अडकतो. व्यक्तीला स्वतःच्या परदेशी कंपनीला कर्ज देता येत नाही, फक्त शेअर भांडवल. नियंत्रण तुमच्याकडे असेल तर त्या कंपनीला खाली उपकंपनी काढता येत नाही, म्हणजे उद्या नैरोबीत शाखा-कंपनी हवी झाली की वाट बंद. वर प्रत्येकाच्या आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं. ते राहिलं तर काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे.

एलएलपीतून गेलात तर नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत आर्थिक बांधिलकी, टीसीएस नाही, आणि शेअर घेऊन नियंत्रण आल्यावर करार व व्याज लावून कर्जही देता येतं.

इथे एक खाच आहे. एलएलपीचं नेटवर्थ म्हणजे भागीदारांचं भांडवल अधिक न वाटलेला नफा. आपल्याकडे दर ३१ मार्चला नफा भागीदारांच्या चालू खात्यात ढकलायची सवय असते. उलाढाल १२ कोटी, पण ताळेबंदात भांडवल १० लाख आणि न वाटलेला नफा १५ लाख. मग मर्यादा फक्त १ कोटी. त्यात भांडवल, कर्ज आणि बँक गॅरंटी सगळं बसवायचं. ताळेबंद लेखापरीक्षित आणि १८ महिन्यांपेक्षा जुना नसलेला हवा. आकडा कमी पडत असेल तर या मार्चपूर्वीच भांडवल वाढवून घ्या.

प्रत्यक्ष काम असं: सगळ्या भागीदारांचा ठराव, फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म), लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र, हे सगळं एडी बँकेला द्यायचं. बँक रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत युआयएन काढते आणि मग पैसे जातात. तुमची कोल्हापूरची शाखा हे स्वतः करेल असं धरू नका, फाइल बहुधा मुंबईच्या फॉरेक्स विभागात जाते आणि शंका तिथून परत येतात. त्या परदेशी कंपनीचे सगळे व्यवहार पुढे एकाच एडी बँकेतून करायचे असतात, म्हणून बँक विचार करून निवडा.

नंतरच्या तारखा: शेअर सर्टिफिकेट ६ महिन्यांत बँकेला. दरवर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए रिटर्न (परदेशी देणी-मालमत्तेचं, रिझर्व्ह बँकेला). ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (परदेशी कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल), तोही दुबईच्या लेखापरीक्षित हिशेबावर. एपीआर चुकला तर विलंब शुल्क ७,५०० रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण राहिलेलं रिटर्न पूर्ण होईपर्यंत त्या कंपनीत पुढचा पैसा घालता येत नाही. खरा फटका तो.

---

पंपव्हॉल्व्ह_कोल्हापूर

खूपच उपयोगी. नेटवर्थचं बरोबर ओळखलंत, आमच्या ताळेबंदात तसंच आहे. दोन शंका. एलएलपी भागधारक असेल तर कागद जास्त लागतात असं एजंट म्हणतो, ते कोणते? आणि लायसन्स आधी की पैसे आधी? बँक म्हणते कंपनीचं खातं दाखवा, खातं म्हणतं लायसन्स दाखवा.

---

वाळूतला_हिशेब

कशाला एवढा खटाटोप? २०२१ पासून मेनलँडवरही (फ्री झोनबाहेर) १०० टक्के परदेशी मालकी मिळते. मेनलँड लायसन्स घ्या, कुठेही विका. आणि फ्री झोनमध्ये टॅक्सही नाही आणि रिटर्नही नाही, उगाच घाबरवू नका.

---

नांदतेखाते

@वाळूतला_हिशेब, मालकीचं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं २०२३ पूर्वीचं. जुने व्हिडिओ बघून लोक अजून हेच सांगतात.

मेनलँड लायसन्सवर पुन्हा निर्यातीसाठी माल आणला तर आधी ड्यूटी भरा किंवा अनामत ठेवा, मग माल बाहेर गेल्याचा पुरावा देऊन परत मागा. यांचा ८० टक्के माल आफ्रिकेला जाणार असेल तर खेळतं भांडवल कस्टम्सकडे पडून राहील. म्हणून यांना फ्री झोनच योग्य.

टॅक्स. यूएईचा कॉर्पोरेट टॅक्स १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू आहे: ३,७५,००० दिरहम नफ्यापर्यंत शून्य, त्यावर ९ टक्के. फ्री झोनच्या कंपनीलाही नोंदणी करावीच लागते, रिटर्नही भरावंच लागतं. १ मार्च २०२४ नंतर स्थापन झालेल्या कंपनीला नोंदणीसाठी स्थापनेपासून ३ महिने आहेत, चुकलं तर १०,००० दिरहम दंड. लायसन्स हातात आल्याच्या आनंदात लोक हेच विसरतात.

शून्य टक्के मिळतो तो ‘पात्र फ्री झोन व्यक्ती’ या दर्जाला, आणि तोही पात्र उत्पन्नावर. तुमच्या कामाचा पात्र प्रकार म्हणजे डेझिग्नेटेड झोनमधून मालाचं वितरण. पण घेणारा पुढे विकणारा किंवा त्यावर प्रक्रिया करणारा हवा. मोंबासाचा पंपाचा घाऊक व्यापारी चालतो. अजमानचा शेतमालक स्वतःच्या बोअरवेलसाठी पंप घेतो, तो चालत नाही. म्हणून प्रत्येक ग्राहकाकडून ट्रेड लायसन्सची प्रत आणि ‘पुनर्विक्रीसाठी खरेदी’ असं पत्र घेऊन फाइलला लावा. दोन वर्षांनी मागायला गेलात तर कोणी देत नाही.

अपात्र विक्रीला सवलत आहे, एकूण उलाढालीच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, यातलं जे कमी ते. उलाढाल ४० लाख दिरहम असेल तर मर्यादा २ लाख. एखाद्या ठेकेदाराला थेट २,१०,००० चे व्हॉल्व्ह दिलेत तर टॅक्स नुसत्या त्या वरच्या १०,००० पुरता राहत नाही. त्या वर्षाचा आणि पुढच्या चार वर्षांचा दर्जाच जातो. याचसाठी अशा किरकोळ विक्रीचं रजिस्टर महिन्याला बघायचं असतं, वर्षाअखेर नाही.

बाकी अटी: लेखापरीक्षित हिशेब सक्तीचे, झोनमध्ये खरी जागा, माणसं आणि खर्च, आणि कोल्हापूरच्या एलएलपीशी व्यवहार बाजारभावाने. जेबेल अलीत फ्लेक्सी डेस्क, एकही कर्मचारी नाही, गोदाम दुसऱ्याचं, आणि नफा १० लाख दिरहम, असं चित्र असेल तर शून्य टक्के टिकवणं अवघड.

आणि गंमत बघा. पात्र दर्जा घेतलात तर ३,७५,००० ची पायरी मिळत नाही, अपात्र उत्पन्नावर पहिल्या दिरहमपासून ९ टक्के. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या वर्षांसाठी ३० लाख दिरहमपर्यंत उलाढालीच्या छोट्या कंपन्यांना जी सवलत आहे तीही पात्र दर्जावाल्यांना नाही. त्यामुळे सुरुवातीला नफा ३ लाख दिरहमच असेल तर शून्य टक्क्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. साध्या नियमातही टॅक्स शून्यच येतो.

भारताच्या बाजूला दोन गोष्टी. दुबईची कंपनी कोल्हापुरातून चालवली तर तिला भारतीय रहिवासी ठरवून इथे टॅक्स लावायचा नियम आहे, मात्र वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असेल तर तो लागू होत नाही असं आयकर खात्याच्या २०१७ च्या परिपत्रकात आहे. ट्रान्सफर प्रायसिंगला (आपल्याच दोन कंपन्यांमधल्या भावाच्या नियमाला) अशी सूट नाही. तोच पंप काल तुम्ही केनियाच्या व्यापाऱ्याला ९५ डॉलरला देत होतात आणि आज दुबईच्या स्वतःच्या कंपनीला ७० ला देता, तर मधले २५ कशाचे? गोदाम, उधारीची जोखीम, छोटे लॉट भरण्याचा खर्च, हे आकड्यांत दाखवता आलं पाहिजे. बहुधा २५ निघत नाहीत, आठ-दहा निघतात.

आणि तुमच्यापैकी कोणी दुबईचा व्हिसा काढला म्हणून एनआरआय होत नाही. भारतातले दिवस मोजले जातात.

---

रुपयादिरहम

कागदांबद्दल. यूएई अपोस्टिलच्या (एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याच्या) करारात नाही, त्यामुळे अपोस्टिलचं स्टिकर लावून आणलेले कागद परत येतात. खर्च फुकट. व्यावसायिक कागदाचा मार्ग: नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्स, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात, आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. कागद कोणते? एलएलपीचं नोंदणी प्रमाणपत्र, एलएलपी करार आणि त्याच्या सगळ्या दुरुस्त्या, भागीदारांचा ठराव (कंपनी काढणे, मॅनेजर नेमणे, सही कोणाची), आणि दुबईत सही करणाऱ्याचं मुखत्यारपत्र. ‘एलएलपी अजून सुरू आहे’ असा ताजा दाखला झोन मागतो. आपल्याकडे आरओसी (कंपनी निबंधक) असा कागद हातोहात देत नाही. कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणपत्र साक्षांकित करून चालेल का हे झोनला आधी ईमेलवर विचारून ठेवा. चार-पाच आठवडे या फेऱ्यातच जातात, म्हणून ठराव एकदाच आणि सगळ्या कामांचा करा. बँक खातं उघडण्याचा अधिकार त्यात लिहायचा राहिला तर हीच वारी पुन्हा.

आधी काय? आधी प्राथमिक मंजुरी, मग लायसन्स, मग दुबईत खातं, मग भारतातून भांडवल. लायसन्सची आणि भाड्याची रक्कम मधल्या काळात द्यावी लागते. ती एलएलपीच्या खात्यातून थेट झोनच्या खात्यावर जाऊ द्या, आणि ती भांडवलात धरायची की वेगळी, कुठल्या पर्पज कोडखाली (पैसे कशासाठी गेले याचा कोड), हे पैसे पाठवण्यापूर्वी एडी बँकेकडून लेखी घ्या. एजंटाच्या वैयक्तिक खात्यावर अजिबात नको.

एक बारीक गोष्ट. १,००,००० दिरहम म्हणजे ३.६७२५ च्या बांधलेल्या दराने सुमारे २७,२२९ डॉलर. तुम्ही २७,२२९ पाठवले आणि मधल्या बँकेने २५ डॉलर कापले, तर खात्यात ९९,९०७ दिरहम जमा. मेमोरँडममध्ये १,००,०००. मग दुबईचा लेखापरीक्षक ९३ दिरहम येणे दाखवतो आणि इथली बँक एपीआरमध्ये विचारते हे काय. रेमिटन्स फॉर्मवर शुल्काच्या रकान्यात ‘ओयूआर’ निवडा, म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून. आणि शक्य तर थेट दिरहममध्येच पाठवा.

---

जेबेलअलीवाला

खात्याबद्दल भर घालतो, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. लायसन्स तीन आठवड्यांत आणि खातं दोन महिन्यांत, हे अगदी नेहमीचं.

सहीचा अधिकार असलेल्याकडे एमिरेट्स आयडी (यूएईचं ओळखपत्र) नसेल तर बऱ्याच बँका फाइल हातात घेत नाहीत. म्हणून एका भागीदाराचा व्हिसा आधी: एन्ट्री परमिट, रक्ततपासणी व छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, आरोग्य विमा (सक्तीचा आहे), मग आयडी. फ्री झोनचा व्हिसा साधारण दोन वर्षांचा. ज्याचा व्हिसा काढाल तो सलग १८० दिवसांपेक्षा जास्त यूएईबाहेर राहिला तर व्हिसा रद्द होतो आणि त्यासोबत बँकेतली सहीही अडते. त्यामुळे तिघांपैकी ज्याला वर्षातून तीन-चार फेऱ्या जमतील त्याचंच नाव घाला.

बँकेला काय द्यायचं? एलएलपीची ६ महिन्यांची स्टेटमेंट, आणि पाच-सहा जुन्या व्यवहारांचे पूर्ण संच: ऑर्डर, इन्व्हॉइस, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, पैसे आल्याचा पुरावा. हे संच म्हणजे तुमचं सोनं आहे, नव्या कंपनीकडे ते नसतात. ग्राहकांची देशवार यादी द्या. ‘संपूर्ण आफ्रिका आणि मध्यपूर्व’ असं लिहू नका. केनिया, टांझानिया, ओमान, एवढंच. निर्बंध असलेला एखादा देश यादीत दिसला की फाइल बाजूला पडते. बँकेचा माणूस फोन करून विचारतो, महिन्याला किती येणार, कोणाकडून येणार. फोनवरचं उत्तर फॉर्मवरच्या आकड्याशी जुळलं पाहिजे, म्हणून फॉर्म एजंटाला भरू देऊ नका. शिल्लक बऱ्याच ठिकाणी महिन्याची सरासरी ५०,००० दिरहम मागतात, कमी पडली की दरमहा आकार.

पॅकेजमध्ये सहसा न धरलेलं: एस्टॅब्लिशमेंट कार्ड, कस्टम्स कोड, तपासणी व आयडी, विमा, ऑडिट, टॅक्स रिटर्न, दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण. आणि कंपनी बंद करायचा खर्च: लिक्विडेटर, नोटीस, कस्टम्सचा ना-हरकत, व्हिसा रद्द. लायसन्स नुसतं संपू दिलं तर दंड चढत राहतो आणि इकडे एपीआरही थांबत नाही. कोटेशनमध्ये पहिल्या वर्षाशेजारी दुसऱ्या वर्षाचा रकाना मागा.

---

पंपव्हॉल्व्ह_कोल्हापूर

आधी सहा महिने थर्ड पार्टी गोदाम आणि त्याच वेळी एलएलपीचं भांडवल वाढवून कागद साक्षांकित करायला घ्यायचे, असं ठरवतोय. नावांबद्दल काही काळजी? तिघांच्या पासपोर्टवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव आहे, पॅनवर एकाचं फक्त आद्याक्षर.

---

रुपयादिरहम

पॅन दुरुस्त करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो, आणि हे साक्षांकनाच्या आधी करा. दुबईची बँक पासपोर्ट प्रमाण मानते, इथली एडी बँक पॅन. फॉर्म एफसीवर एक स्पेलिंग आणि तिकडच्या मेमोरँडममध्ये दुसरं, असं झालं की खुलाशाचं पत्र, त्याची नोटरी, पुन्हा वकिलात.

एलएलपीच्या नावाचंही बघा. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘अँड’ पूर्ण लिहिलाय आणि बँकेच्या पासबुकात चिन्ह टाकलंय का? मेमोरँडममध्ये प्रमाणपत्रावरचं नाव जसंच्या तसं उतरवा, स्वल्पविरामासकट.